हातावरचे डाग आणि गोळ्यांची बाटली



आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे, साधे बी. ए. आहोत. तरीही या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस आमच्या उजव्या हाताने दिला आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतील बरीच वर्षे राजस्थानच्या उन्हात गेली आणि पन्नाशी ओलांडताच पंजाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटले. एका औषधविक्रेत्याने बीटा-कॅरोटीन व ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या पुढे केल्या. "साहेब, डाग आतूनच धुऊन निघतील!" आम्ही बाटली घेतली.

पुढे वाचन केले तेव्हा या समजुतीचे मूळ उमगले. १९५६ साली डेन्हॅम हार्मन यांनी असे मत मांडले की, शरीरात निर्माण होणारी 'मुक्त मूलके' पेशींची झीज करतात व त्यातून वार्धक्य येते. त्यांना आवर घालणारी ती अँटिऑक्सिडंट द्रव्ये. वृद्धाच्या हृदयाच्या व मज्जेच्या पेशींत लायपोफसिन नावाचे पिवळट रंगद्रव्य साचते. त्यालाही 'वयाचे रंगद्रव्य' म्हणतात. येथे नामसाधर्म्याने घात केला. हातावरच्या डागांत असते ते मेलॅनिन, आणि ते वाढते वर्षानुवर्षे खाल्लेल्या उन्हाने. गोळ्या गिळल्याने असे डाग पुसले जातात, हे सिद्ध झालेले नाही.

एवढ्यावर भागले असते तर केवळ पैसे गेले, असे आम्ही म्हटले असतो. परंतु फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला होता. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हे वाचताना आमच्या बोटांत सिगारेट जळत होती! बाटली त्याच सायंकाळी केरात गेली. सिगारेट सुटण्यास मात्र दोन वर्षे लागली. त्याचे श्रेय सौभाग्यवतींचे.

त्वचातज्ज्ञांनी भिंगातून डाग पाहिले आणि म्हणाले, "हे नुसते ऊन आहे." मात्र डागाचा आकार वा रंग पालटू लागला, किंवा त्यातून रक्त आले, तर त्वरित दाखविण्यास बजावले. लेसरने डाग जातात. पण आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर कधी अधिक काळा वण राहतो, म्हणून आम्ही त्या वाटेस गेलो नाही. खिडकीच्या काचेतूनही काही अतिनील किरण आत येतात, हे कळल्यावर कचेरीतले टेबल तेवढे हलविले. आता पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो आणि छत्री बाळगतो. कचेरीतील तरुण मंडळी हसतात. डाग आहेत तेथेच आहेत.