डाव्या बाजूची किक
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'माझा छंद' या विषयावर प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं असं ठरलं आहे. माझ्या आधी बोन्सायवर आणि किल्ल्यांवर फार सुरेख बोलणं झालं. माझा छंद तेवढा सात्त्विक नाही. त्याला पेट्रोलचा वास येतो, कपड्यांना ग्रीस लागतं आणि रविवारी घरची बोलणी खावी लागतात. मला जुन्या मोटरसायकलींचा नाद आहे. नाद एका गाडीपासून सुरू झाला, आणि ती गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे.

आमचे अण्णा ग्रामसेवक होते. त्यांच्याकडे १९६९ ची मरून रंगाची जावा होती. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की लांबच्या पुलावरून वळसा घालून ते आम्हा पोरांना शाळेत सोडायचे. एक टाकीवर, दोन मागे. आज असं कुणी केलं तर चौकात पावती फाटेल. तेव्हा फाटत नव्हती.

ज्यांनी ती चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जावाची किक डाव्या बाजूला. किक मारून झाली की तोच दांडा पुढे फिरवायचा, मग तोच गिअरचा दांडा. आणखी एक गंमत म्हणजे गिअर टाकताना पायाच्या त्या दाबानंच क्लच सुटतो. चालत्या गाडीवर हातानं क्लच दाबला नाही तरी चालतं. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, मिळून २५० सीसीला जरासं कमी. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पाच लिटरला दोनशे मिली हे अण्णांचं प्रमाण मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

ही गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकलचा धंदा विकत घेतला. यानेचेकचा 'जा' आणि वांडररचा 'वा', झालं जावा. खरं तर त्यांच्या भाषेत उच्चार 'यावा' असा आहे, पण आपण पिढ्यान्‌पिढ्या जावाच म्हणत आलो. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा देश जर्मनीच्या ताब्यात होता. तेव्हा कारखान्यातल्या माणसांनी लपूनछपून एका नव्या २५० सीसी गाडीचं काम चालू ठेवलं, आणि युद्ध संपल्यावर १९४६ साली ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. गिअरच्या दांड्यानं क्लच सुटण्याची युक्ती त्या गाडीतलीच. कारखाना परक्याच्या हाती गेला होता, पण कसब माणसांच्या हातातून गेलं नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आपल्याकडे म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. पुढे सत्तरच्या दशकात त्याच कारखान्यातून येझदी या नावानं गाड्या निघू लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण त्या नव्या फोर-स्ट्रोक गाड्या. म्हणजे अण्णांची गाडी बनवणारा कारखाना बंद होऊन पाव शतकाहून जास्त काळ लोटला, तरी अशा गाड्या रस्त्यावर दिसतात. हे कसं होतं, तेच मला आज सांगायचं आहे.

अण्णा २००९ मध्ये गेले. जावा गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली पोत्यांआड उभी होती. टाकीत उंदरांनी कापलेला कापूस, सीटमध्ये कोंबडी बसलेली. भंगारवाला आठ हजार देत होता. आई म्हणाली, "ती इकायची न्हाई." मी तेव्हा पुण्यात बँकेत होतो. पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, गाडी टेम्पोत घालून पुण्याला नेली आणि दुरुस्तीला दिली. नवा रंग, नवं क्रोम, नवा पिस्टन, बोअर करून घेतलेलं सिलिंडर. पैसे किती गेले ते इथं बोलत नाही, कारण सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

गाडी दिसायला नवरीसारखी झाली. ती आईला दाखवायची म्हणून मी गावाकडे निघालो. खंबाटकीच्या चढावर इंजिनाचा आवाज बारीक झाला, आणि एकाएकी मागचं चाक जाम. पिस्टन धरला होता. त्या क्षणी क्लच ओढायचं सुचलं म्हणून आज इथं उभा आहे. पुण्यात परत नेली, पुन्हा बोअर केला, कार्ब्युरेटरचे जेट बदलले. शंभर किलोमीटरवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी टेम्पोत घालून गावी आणली, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून स्टँडमागच्या एका गॅरेजवर नेली.

गॅरेजवाल्यानं मान वर केली आणि म्हणाला, "अण्णांची जावा न्हवं ही? आन्‌ तू पैल्या बाकावरचा."

आपल्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा. तीस वर्षांत मी त्याला एकदाही भेटलो नव्हतो. त्याला विचारल्याशिवाय नाव घेणार नाही, पण तुम्ही ओळखालच. कार्यानुभवाच्या तासाला शाळेची घंटा ज्यानं दुरुस्त केली होती तो.

त्यानं पिस्टन मोकळा करून बसवला, गाडी चालू केली, थ्रॉटल वाढवला आणि सोडून दिला. इंजिन लगेच खाली येईना. मग त्यानं प्लग काढून माझ्यापुढे धरला. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं. "बघ, तपकिरी पायजे. काळं असतं तर पेट्रोल जास्त. पांढरं म्हंजे वारं जास्त. ही कुठनं तरी चोरून वारं घेतीया." क्रँकच्या डायनामोकडच्या बाजूचं ऑइल सील सुकून कडक झालं होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येतात. तिथून बाहेरची हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. शंभर रुपयांच्या आतली वस्तू. मोठमोठी बिलं करणाऱ्यांनी रंग बदलला, क्रोम बदललं, पिस्टन दोनदा बदलला, सील बदललं नाही, कारण ते दिसत नाही.

दहावीला विज्ञानात मला चांगले मार्क होते. पण हवा आणि इंधन यांचं प्रमाण म्हणजे काय, हे मला त्या दिवशी त्या प्लगच्या टोकावर कळलं.

गाडी तेव्हापासून आजपर्यंत एकदाही धरलेली नाही. आज सकाळी मी तीच घेऊन आलोय, बाहेर पिंपळाखाली लावली आहे.

त्या गॅरेजच्या दारात रविवारी सकाळी आमची मंडळी जमतात. शिक्षक आहेत, ऊसवाले आहेत, एक दंतवैद्य आहेत, इंजिनिअरिंगची तीन-चार पोरं आहेत. जावा, येझदी, राजदूत, जुनी बुलेट, जे असेल ते. चहा दोनदा होतो. कुणाला पॉइंटची फट किती ठेवायची ते हवं असतं, कुणाकडे जास्तीचं हेडलाइटचं भांडं असतं. सुटे भाग एकानं मागवायचे आणि पाच जणांत वाटायचे. बोअरचं आणि लेथचं काम असेल तर कोल्हापूरला उद्यमनगरात. जुलैचा दुसरा रविवार जगभर जावा-येझदीचा दिवस म्हणून पाळतात, त्या दिवशी आम्हीही रांगेनं गाड्या काढतो, आणि निळा धूर बघून गावातली म्हातारी माणसं हसतात.

भांडणंही होतात. सगळ्यात मोठं भांडण म्हणजे गाडी मूळ होती तशीच ठेवायची, की आपल्या मनाप्रमाणं घडवायची? जुने लोक म्हणतात, नटबोल्टसुद्धा त्याच काळचा हवा. पोरांना मागचा मडगार्ड छोटा हवा, हँडल रुंद हवं, चाकं जाड हवीत. मी कडवा मूळवादी. एका पोरानं येझदीची चेसी मागून कापून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी त्याला कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. पोरगं तोंड पाडून बसलं.

आमचा मिस्त्री हात पुसत म्हणाला, "कायदा ऱ्हाऊ दे. हे बघ, बोल्टनं लावलेलं काढता येतं. कापलेलं परत येत न्हाई. तुला सीट बदल, हँडल बदल, मडगार्ड काढून आईच्या पलंगाखाली ठेव. तुझ्यानंतर ज्याच्याकडं गाडी जाईल त्याला परत लावता आलं पायजे." पोरानं ऐकलं. मी पण ऐकलं. हौस करा, पण पुढच्याची वाट बंद करू नका, एवढाच त्याचा नियम.

सरकारनं २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मोठा फेरफार न केलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. पण मग ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. अण्णांची जावा त्यात बसते. मी अर्ज केला नाही. ही गाडी कामाची होती, ती मंडईत जावी असं मला वाटतं.

आता ज्यासाठी इतका वेळ घेतला ते सांगतो.

या मेळाव्याच्या यादीचं काम माझ्याकडे होतं. मी शाळेच्या दप्तरातून मार्च १९८४ च्या दहावीच्या निकालाचा कागद काढला आणि उत्तीर्णांची नावं उतरवली. सगळ्यांना फोन केले, कोण कुठं आहे ते शोधलं. अमेरिकेतल्या दोघांना सुद्धा शोधलं. महिनाभर हे काम चाललं, आणि त्या महिन्यातले चारही रविवार मी त्या गॅरेजच्या दारात चहा प्यायलो. पण त्याचं नाव यादीत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आलं ते परवा. पत्रिका द्यायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "मी कुठं तुमच्या ब्याचचा? मी गणितात आन्‌ इंग्रजीत गेलो. ऑक्टोबरची वारी एकदा केली, मग गॅरेज धरलं. तुमची ब्याच म्हंजे पास झालेल्यांची." रागानं नाही बोलला. स्पार्कप्लग दाखवावा तसं बोलला, जे आहे ते आहे.

पाचवी ते दहावी सहा वर्षं जो आपल्याबरोबर त्याच वर्गात बसला, तो एका कागदामुळे आपला राहत नाही. तो कागद मंडळाचा होता, पण त्याचा असा उपयोग मी केला. त्याची चूक मी इथं सर्वांसमोर मान्य करतो. आणि तो एकटा नाही. आठवा, अजून कोण कोण होतं? मुलींमध्ये तर नववीतच लग्न झालेल्या होत्या.

दुसरी गोष्ट. त्याच्याकडे दोनशे पानी वह्या आहेत, तीन. गाडीनुसार मापं, कुठल्या गाडीला कुठलं बेअरिंग चालतं, कुठं काय बसतं, सगळं पेन्सिलीनं, आकृत्यांसह. छापलेल्या पुस्तकात नाही ते त्यात आहे. त्याचा मुलगा कंपनीत नोकरीला आहे, गॅरेज चालवणार नाही. आता त्याला जवळचं नीट दिसत नाही. कारखाना बंद पडूनही गाड्या चालतात त्या अशा चार-दोन माणसांच्या हातांमुळे, आणि ते हात थकत चालले आहेत. मघाचं ते वाक्य मी यासाठीच लक्षात ठेवायला सांगितलं होतं.

तर माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, स्मरणिकेतली यादी निकालाच्या कागदावरून न करता हजेरीपुस्तकावरून करावी. दोन, शाळेची कार्यानुभवाची खोली बंद आहे. माननीय मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर महिन्यातला एक रविवार तिथं एक इंजिन खोलून ठेवू. इंजिन मी देतो, माझ्याकडे एक जास्तीचं आहे. पोरांना शिकवायला तो येईल का, हे विचारायचं धाडस माझं एकट्याचं नाही. आपण सगळ्यांनी मिळून जाऊ. गॅरेज इथून पाच मिनिटांवर आहे.

चारच्या चहानंतर मी गाडी काढणार आहे. ज्यांना चालवून बघायची आहे त्यांनी यावं. फक्त लक्षात ठेवा, किक डाव्या बाजूला आहे.



ता. क. : भाषणानंतर एकोणीस जण गॅरेजवर गेलो होतो. या स्मरणिकेच्या शेवटी दिलेली यादी पाचवी ते दहावीच्या हजेरीपुस्तकांवरून केली आहे. तिच्यात पूर्वीपेक्षा तेवीस नावं जास्त आहेत. कार्यानुभवाची खोली झाडून झाली आहे, इंजिन टेबलावर आहे. त्यानं एकच अट घातली, प्रमाणपत्र द्यायचं नाही.