बायपासच्या कलमातला रक्तप्रवाह

बायपासचा सल्ला मिळाला की घरात पहिली चौकशी होते ती ब्लॉकेज किती, याची. प्रत्येक ब्लॉकेज किती टक्के, हे तितक्याच आग्रहाने विचारायला हवे; कारण जोडलेली नवी वाहिनी, म्हणजेच कलम, टिकणार की मिटणार, हे बरेचसे त्यावर ठरते. अरुंद जागेच्या पुढे कलम जोडले की त्या ठिकाणी रक्त दोन वाटांनी पोचते. मूळ धमनी नव्वद टक्के चिंचोळी असेल, तर तिच्यापलीकडे दाब पडलेला असतो आणि कलमातून रक्त जोराने धावते. पण व्यास निम्माच घटला असेल, तर विश्रांतीच्या वेळी मूळ धमनी हृदयाची गरज सहसा भागवते. मग दोन्हीकडचा दाब जवळजवळ सारखा राहतो आणि कलमातले रक्त पुढेमागे हेलकावे खाते. वाहत्या रक्ताच्या घर्षणामुळे धमनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते व ती मोकळी राहते. प्रवाहच मंदावला, तर कलम म्हणून छातीतून घेतलेली धमनी आक्रसत जाते. अँजिओग्राफीत ती दोऱ्याएवढी बारीक दिसते.

यावर कोणी म्हणेल, छाती उघडलीच आहे, तर मध्यम ब्लॉकेजलाही कलम जोडून टाकावे. पुढची चिंता मिटेल. हे मला पटत नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात, ब्लॉकेजच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजल्यावर गंभीर ठरलेल्या ब्लॉकेजवरची सुमारे 9 टक्के कलमे वर्षभरात बंद पडली होती. गंभीर न ठरलेल्यांवरची 21 टक्के. शिवाय कलम जोडलेल्या मूळ धमनीतला आजार अनेकदा झपाट्याने वाढतो. नंतरच्या फार्गो आणि ग्राफिटी या चाचण्यांत मात्र, दाब मोजून केलेल्या बायपासमध्ये कलमे अधिक टिकल्याचे दिसले नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्या चाचण्या छोट्या होत्या, आणि कलम म्हणून घेतलेली पायाची नस मूळ धमनीतून येणारा असा विरोधी प्रवाह धमनीच्या कलमापेक्षा बरा सोसते. तरीही ग्राफिटीत दाब मोजलेल्या गटाला कमी जोड पुरले आणि वर्षभरात रुग्णांचे त्यामुळे नुकसान झालेले दिसले नाही, ही गोष्ट मला मोलाची वाटते. कलमासाठी घेतलेल्या हाताच्या धमनीबाबत तर शल्यविशारद आधीपासूनच सावध आहेत: अरुंदपणा निदान सत्तर टक्के, आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या धमनीवर नव्वदच्या आसपास असल्याशिवाय ती वापरायला ते सहसा धजत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरही या प्रवाहाचा पडताळा घेता येतो. कलमाभोवती छोटा प्रोब लावला, की मिनिटाला किती मिलिलिटर रक्त वाहते ते पडद्यावर उमटते. मग मूळ धमनी क्षणभर दाबून धरायची. आकडा एकदम चढला, तर जोड चांगला आहे आणि प्रवाह मूळ धमनीच अडवत होती.