उत्तरे नसलेले पाठ्यपुस्तक

शालेय विज्ञानाची चर्चा निघाली की ती बहुधा दोन ठिकाणी अडकते : अभ्यासक्रमात काय असावे आणि प्रयोगशाळेत काय नाही. पुस्तक जाड झाले की पालकांचे समाधान होते, पातळ झाले की तक्रार सुरू होते. परंतु विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला वर्गात आणि परीक्षेत काही किंमत आहे की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माळव्याच्या शेजारी, नर्मदेच्या काठी, १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे तो एका अभ्यासक्रमाच्या रूपाने विचारला गेला. ‘होशंगाबाद विज्ञान’ हे त्याचे नाव. ज्या प्रदेशात हे मराठी ग्रंथालय शंभर वर्षे उभे आहे, त्या प्रदेशातील ही घटना. मराठीत मात्र तिच्याविषयी जेवढे बोलले जायला हवे होते तेवढे बोलले गेलेले नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. शिफारस योग्यच होती. पण खेड्यातील शाळेत विज्ञान पोहोचले ते इतिहासाच्या धड्याप्रमाणे, मोठ्याने वाचून पाठ करण्याचा एक विषय म्हणून. ऑक्सिजन कसा तयार करतात हे मुले घडाघडा सांगत. परीक्षानळी मात्र त्यांनी चित्रातच पाहिलेली असे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी महानगरपालिकेच्या शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा प्रयत्न सुरू केला होता. त्याच संस्थेतून बाहेर पडलेले रेण्वीय जीवशास्त्रज्ञ डॉ. अनिल सद्गोपाल यांनी होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ ही संस्था उभारली. तिने आणि रसूलियाच्या ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ने मिळून १९७२ साली राज्य शासनाच्या परवानगीने सोळा शाळांत हा प्रयोग आरंभिला. शाळा साध्या, सरकारी, बहुतेक खेड्यांतल्या. वर्ग सहावी ते आठवीचे, म्हणजे मध्य प्रदेशात ज्यांना ‘मिडल स्कूल’ म्हणतात ते. पुढे दिल्ली विद्यापीठातील अध्यापकही या कामात उतरले. १९७८ मध्ये हा अभ्यासक्रम जिल्ह्यातील सर्व मिडल शाळांना लागू झाला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची धुरा घेतली.

‘बाल वैज्ञानिक’ हे या अभ्यासक्रमाचे पुस्तक. ते प्रथम हातात घेणाऱ्याला चमत्कारिक वाटते, कारण त्यात उत्तरे नाहीत. करायच्या कृती आहेत, विचारलेले प्रश्न आहेत, भरायचे तक्ते आहेत. व्याख्या जवळजवळ नाहीतच. मुळे आणि पाने यांविषयीचा पाठ पाहण्यासारखा आहे. मुलांनी चार-चारांच्या टोळ्या करून शाळेबाहेर जायचे, रोपे मुळांसकट उपटून आणायची, आणि दोन गोष्टी टिपायच्या : मूळ सोटमूळ आहे की तंतुमूळ, आणि पानावरच्या शिरा समांतर आहेत की जाळीदार. गहू, मका, गवत एका बाजूला पडतात; हरभरा, मिरची, तुळस दुसऱ्या बाजूला. तक्ता पुरेसा लांब झाला की त्यातून एक संबंध आपोआप वर येतो : समांतर शिरांच्या पानाखाली तंतुमूळ, जाळीदार शिरांखाली सोटमूळ. पुस्तकाने तो आधी सांगितलेला नसतो. आणि मग कुणी घरामागचा अळू उपटून आणला, तर पान जाळीदार आणि मुळे तंतूंची! नियम खोटा की निरीक्षण चुकले, असा वाद वर्गात सुरू होतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अळू हा खरोखरच अपवाद आहे. घोकंपट्टीच्या वर्गात असा अपवाद शिक्षकाची अडचण होतो. येथे तो धड्याचाच भाग ठरतो.

दुसरा पाठ मोजमापाचा. एकच टेबल वर्गातील प्रत्येकाने पट्टीने मोजायचे. उत्तरे वेगवेगळी येतात, आणि कुणाचे ‘बरोबर’ असा हट्ट न धरता मोजण्यात घट-बढ असतेच, हे मुलांच्या ध्यानी येते. नाणेफेकीतून संभाव्यतेपर्यंत जाणारा पाठही होता. महाविद्यालयात पोहोचलेल्या विद्यार्थ्यांनाही मापनातील चूक ही लाजेची बाब वाटते. येथे अकरा-बारा वर्षांची मुले तिची सरासरी काढत होती.

साहित्य साधे होते : भिंग, परीक्षानळ्या, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. १९७८ मध्ये टेल्को कंपनीतून अभ्यासरजा घेऊन येथे आलेले अभियंता अरविंद गुप्ता यांना आठवड्याच्या बाजारात ही नळी सापडली, आणि तिचे तुकडे व आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी भौमितिक आकृत्या केल्या. पुढे पुण्याच्या ‘आयुका’मधील बालविज्ञान केंद्रातून त्यांची खेळणी महाराष्ट्रातील मुलांपर्यंत गेली, त्यांचे मूळ हे होशंगाबादचे आहे.

साहित्य जमवणे तसे सोपे. अवघड होते ते शिक्षकाचे काम. ‘मला ठाऊक नाही, करून पाहू’ हे वाक्य वर्गासमोर उच्चारणे ही आपल्या परंपरेत सोपी गोष्ट नव्हे. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांची प्रशिक्षण शिबिरे होत. तेथे शिक्षक स्वतःच सहावीचे विद्यार्थी होऊन प्रयोग करीत, आणि वर्षभर दर महिन्याच्या बैठकीत आपल्या अडचणी मांडीत. या बैठकांतून पुस्तकही बदलत गेले. खेड्यातील शिक्षकाच्या तक्रारीवरून पाठ पुन्हा लिहिला जावा, ही गोष्ट आजही विरळाच.

पण या अभ्यासक्रमाचे खरे धाडस परीक्षेत होते. आपल्याकडे पद्धती पुष्कळ बदलतात. परीक्षा बदलत नाही, आणि म्हणून पद्धतीही बदलत नाहीत. येथे शासनाने परीक्षा बदलण्याची मुभा दिली. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेता येई, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी असे. पुस्तक उघडे असले की ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न निरर्थक होतो. मग अनोळखी रोपाचे पान समोर ठेवून त्याचे मूळ कसे असेल आणि तसे का वाटते, असे विचारावे लागते. अशी प्रश्नपत्रिका काढायला परीक्षकालाही डोके चालवावे लागते.

मुलांच्या मनात उरलेले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक गृहस्थाला पत्राने पाठवता येत आणि त्यांना उत्तरे जात. मराठी वाचकाला येथे डॉ. जयंत नारळीकरांची आठवण व्हावी. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला सांगत, आणि उत्तराखाली स्वाक्षरी करून धाडत.

भाषेचा मुद्दा या ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष जवळचा आहे. ‘बाल वैज्ञानिक’ची हिंदी बोलल्यासारखी होती, पारिभाषिक शब्द वस्तू पाहून झाल्यावर येई, आधी नव्हे. जवळजवळ त्याच काळात मराठीतही हा विचार झाला. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले, आणि पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केल्यास मुलांचे विज्ञान सुधारते, हे दाखवून दिले. विज्ञान अवघड आहे असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा फक्त वाक्य अवघड असते. संस्कृतप्रचुर परिभाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी खिरोद्याचा हा अनुभव लक्षात घ्यायला हवा.

अखेरीस सुमारे हजार शाळा आणि लाखभर विद्यार्थी या अभ्यासक्रमात होते. देवास, उज्जैन, धारसारख्या माळव्यातील जिल्ह्यांतही तो पोहोचला होता. तरीही २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला आणि सर्वत्र एकच नेहमीचे पुस्तक लागू केले. विरोधकांचा मुख्य आक्षेप हायस्कूलविषयी होता. आठवीपर्यंत करून पाहणारे मूल नववीत गेले की त्याच्यासमोर तीच जुनी व्याख्यांची पुस्तके आणि दहावीची बोर्डाची परीक्षा उभी राही. अणू-रेणूंसारख्या न दिसणाऱ्या कल्पना या अभ्यासक्रमाने बव्हंशी पुढे ढकलल्या होत्या; नववीत त्या एकदम अंगावर येत. पालकांची ही भीती खोटी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. शेतकरी बापाला मुलाच्या दहावीचीच चिंता असणार. मात्र खालच्या आणि वरच्या वर्गांत विसंगती आहे हे दिसल्यावर खालचाच वर्ग बदलायचा, वरच्याला हातही लावायचा नाही, हा निर्णय कोणत्या शास्त्राला धरून होता हे समजणे कठीण आहे. हायस्कूलचा अभ्यासक्रम त्याच रीतीने घडवण्याइतके बळ या चळवळीला मिळाले असते, तर चित्र निराळे झाले असते.

बंदीनंतरही विचार पुरता विझला नाही. प्रा. यश पाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने (२००५) पाठांतराविरुद्ध हीच भूमिका घेतली. त्यानुसार निघालेल्या एनसीईआरटीच्या विज्ञान व गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी नेमलेल्या सल्लागार समितीचे अध्यक्ष डॉ. नारळीकर होते, त्या पुस्तकांत पानोपानी कृती आल्या. २०२४ पासून सहावीला ‘जिज्ञासा’ हे नवे पुस्तक आले आहे. कृती त्यातही आहेत. त्या परीक्षेत मोजल्या जातात का, हे मात्र प्रत्येक पालकाला आपल्या घरातील उत्तरपत्रिका काढून पाहता येईल.

होशंगाबादचे नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम झाले. ‘बाल वैज्ञानिक’चे जुने भाग आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाच्या बालविभागात त्यांच्या छापील प्रतींचा एक संच, दोन-चार भिंगे आणि एक कोरी वही ठेवणे फारसे खर्चाचे नाही. बालविभागात येणाऱ्या मुलांपैकी कुणीतरी अळूचे पान घेऊन येईलच.