गाव सोडलेल्याचे नगर



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली आणि पुढे ती गावोगाव पसरली. त्या चालीमुळेच आज आम्हांला आमच्या जुन्या गावात चार शब्द बोलता येत आहेत. चालकांनी विषय आमच्यावर सोपविला, तेव्हा आम्ही फार विचार न करता 'नगर' असे कळवून टाकले. ज्या गावात बालपण गेले, त्याच्याविषयी बोलायला तयारी ती काय करायची, असे वाटले होते. तयारीला बसलो आणि विषय अवघड आहे हे ध्यानात आले. तो का अवघड, हेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

१९७२ चा दुष्काळ सरला आणि पुढच्याच वर्षी आम्ही नोकरीसाठी नगर सोडले. त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. संसार पुण्यात झाला, मुले पुण्यात वाढली. तरीही इकडे येताना कामरगाव, चास मागे पडले आणि केडगाव जवळ आले, की आम्ही नकळत एस्टीच्या खिडकीकडे सरकतो. शेजारचा प्रवासी विचारतो, "नगरचे का?" आणि आम्ही "हो" म्हणून मोकळे होतो. मग तो विचारतो, "कुठे राहता?" तेव्हा मात्र आमची पंचाईत होते.

आमच्यासारखी माणसे पुण्यात, मुंबईत पुष्कळ आहेत. चार जण जमले की तेलीखुंट, डाळमंडई, चितळे रोड, दिल्ली दरवाजा यांची उजळणी सुरू होते. कोणी माळीवाड्याच्या गणपतीची आठवण काढतो, कोणी चांदबिबीच्या महालापर्यंत केलेल्या पायपिटीची. आम्ही आमच्या माळवदाची गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या माळवदावर संध्याकाळी पाणी शिंपडायचे आणि रात्री ओळीने अंथरुणे घालून चांदण्या मोजत झोपायचे. दुसरी गोष्ट चौकातल्या हौदाची. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा बाजूंनी खापरी नळांतून नुसत्या उताराने पाणी शहरात येई आणि हौद-कारंजी भरीत असे. ते पाणी कधीच आटले. लक्ष्मी कारंजा, चौपाटी कारंजा ही नावे तेवढी राहिली. आज तिथे कारंजे शोधणारा मनुष्य फसेल. पण रिक्षावाल्याला नाव सांगा, तो बरोबर नेऊन सोडतो.

या ओढीला इतिहासातही दाखले आहेत. फिरिश्ता हा इतिहासकार कॅस्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादेचा. वडिलांबरोबर तो लहानपणीच नगरला आला. वडील राजपुत्र मीरान हुसेनला फारसी शिकवीत. तो मीरान हुसेन गादीवर आला आणि १५८९ साली मारला गेला. त्या धामधुमीनंतर फिरिश्त्याने नगर सोडले आणि विजापूर गाठले. तेथे आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला मोठा इतिहास लिहिला. मलिक अहमदाने सीनेकाठी वसविलेले हे शहर दोनच वर्षांत बगदाद आणि कैरो यांच्या तोडीचे झाले, असा त्याचा दावा आहे. अभ्यासक याला अतिशयोक्ती म्हणतील, आणि ती आहेच. पण आम्हांला या वाक्यात निराळेच काही ऐकू येते. ज्या गावात वाढलो आणि जिथून जीव घेऊन निघावे लागले, त्या गावाविषयी परक्या दरबारात बसून लिहिणाऱ्याचा हात थोडा सैल सुटला असेल. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. गाव सोडलेल्याला तो पटेल.

दुसरा दाखला अगदी उलट प्रकारचा. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच १९४४ मध्ये पाच महिन्यांत लिहून काढले. मौलाना आझादांनी येथे मित्राला उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडलीच नाहीत, पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने ग्रंथरूप झाली. या कैदेतच १९४३ मध्ये त्यांना पत्नीच्या निधनाची वार्ता ऐकावी लागली. मोठी माणसे, मोठे ग्रंथ. आणि त्यांच्यामुळे या गावाचे नाव जगभर गेले. पण तटाबाहेरचे नगर त्यांना पाहता आले नाही. म्हणजे एखाद्या गावात अडीच-पावणेतीन वर्षे काढूनही तिथे राहणे घडत नाही. राहण्यासाठी बाजारात हिंडावे लागते, उधारी ठेवावी लागते, शेजाऱ्याशी भांडावे लागते.

तसे राहिल्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड टिळकांच्या बरोबर त्यांनी नगरला संसार केला. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. मागे वळून पाहताना डोळ्यांत पाणी आणणे सोपे असते. या बाईंनी मात्र स्वतःचे दारिद्र्य, स्वतःची फजिती, नवऱ्याचा विक्षिप्तपणा हसत हसत आणि काहीही न झाकता सांगितला. आठवण कशी सांगावी याचा मराठीतला हा वस्तुपाठ आहे.

तो पुढे ठेवून आम्ही आमच्या माळवदाची गोष्ट पुन्हा तपासली. माळवदावर पाणी शिंपडायचे असे आम्ही मघाशी म्हटले. ते पाणी वर कोण चढवीत असे? आमची आई आणि थोरली बहीण. दुष्काळाच्या साली हंडे घेऊन पहाटेपासून रांगेत कोण उभे राहत असे? त्याच दोघी. आम्ही नुसत्या चांदण्या मोजल्या. आणि चौकातल्या त्या हौदाला गल्लीतल्या प्रत्येकाला हात लावता येत असे काय? नव्हता येत. ही गोष्ट पुण्यातल्या बैठकीत आम्ही आजवर कधी सांगितली नाही. खोटे आम्ही बोललो नव्हतो. अर्धे मात्र गाळले होते.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून या व्यासपीठावरून उतरण्याचा आम्हांला अधिकार नाही. तो वाडा १९९८ साली आम्ही भावांनी विकला. गिऱ्हाईक चांगले होते, मुलांच्या शिक्षणाला पैसा हवा होता. बहिणीची सही लागत होती. ती म्हणाली, "सही करते, पण आधी एकदा वाडा पाहून येऊ दे." आम्हांला घाई होती. तिने वाडा न पाहताच सही केली. दोन वर्षांनी आम्ही नगरला आलो, तो वाड्याच्या जागी तीन मजली इमारत आणि खाली दुकाने! आम्ही रस्त्यात उभे राहून हळहळू लागलो. समोरच्या काकू ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, विकताना नाही आलं रडू? आता आमच्या दारात उभा राहून कशाला रडतोस? निदान त्या दुकानामुळं मला औषध चार पावलांवर मिळतं."

या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. गाव सोडलेल्या माणसाची तक्रार अशी असते, की गाव पूर्वीसारखे राहिले नाही. पण आमच्या आठवणीची सोय व्हावी म्हणून काकूंनी गळके माळवद सांभाळीत बसावे काय? येथे राहिलेल्यांना नळाला पाणी हवे, दवाखाना हवा, मुलांना घराजवळ काम हवे. सावेडीकडे वस्ती वाढली म्हणून आम्ही नाक मुरडतो. आम्ही ज्या पुण्यात राहतो, तिथल्या जुन्या माणसांना आमच्याच घरांमुळे तसे वाटत असेल, हे मात्र आमच्या मनात येत नाही.

मग या ओढीचे करायचे काय? ती खोटी नाही आणि मनातून उपटूनही निघत नाही. आम्हांला असे वाटते की, तिचे उत्तर आपल्या भाषेत फार जुने आहे. ते म्हणजे 'माहेर' हा शब्द. जे दुःख आम्हांला सभेत मांडावेसे वाटते, ते आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक स्त्रीने मुकाट्याने सोसले आहे. याच जिल्ह्यातील चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचे सारे कर्तृत्व माळव्यात झाले. माहेरी आलेली बाई काय करते? भिंती कशा बदलल्या याचा हिशेब आधी मागत नाही. कोण आजारी आहे, कोणाचे लग्न ठरले, गाय व्याली का, हे विचारते. येताना काहीतरी घेऊन येते आणि जाताना डोळे पुसते. कायद्याने आज तिचा वाटाही आहे आणि तो रास्तच आहे. पण ओढ त्या वाट्यावर अवलंबून नसते.

२०२४ साली या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्यावर आम्हां बाहेर गेलेल्यांच्या बैठकींत बरीच बोलाचाली झाली. ज्याला जे वाटते ते त्याने वाटून घ्यावे. आमच्या कानाला एवढेच जाणवते की पूर्वी एस्टीचा कंडक्टर 'नगर, नगर' असे ओरडत असे, आणि त्या दोन्ही नावांत ते अक्षर न् अक्षर शिल्लक आहे.

तेव्हा आमच्यासारख्या परगावच्या नगरकरांना एकच विनंती. आठवणी सांगा, पण पुऱ्या सांगा. पाणी कोणी भरले तेही सांगा, हौदाला कोणाला शिवू दिले नाही तेही सांगा. जुनी कागदपत्रे पेटीत कुजत असतील, तर ती येथल्या वस्तुसंग्रहालयाला दाखवा. ते १९६० पासून असल्या कागदांसाठीच उभे आहे. आणि गावी आलात, तर आधी समोरच्या ओट्याकडे जा.

काकू आता नाहीत. आज सकाळी आम्ही त्या गल्लीत गेलो होतो, या वेळी बहिणीला बरोबर घेऊन. ती इमारतीपुढे क्षणभर थांबली, आणि मग समोरच्या घरात काकूंच्या सुनेची चौकशी करायला गेली. आम्ही तिच्या मागोमाग गेलो.