माळ्यावरची दुर्बीण : तिचें वय आणि तिचें मोल



जुनी पितळी दुर्बीण हातीं आली कीं घरांतलीं माणसें दोन प्रश्न एका दमांत विचारतात. ही केव्हांची असेल? आणि हिचे किती येतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दुसऱ्याचें उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, आणि पहिल्याचें उत्तर घरांतल्या आख्यायिकेंत शोधण्यापेक्षां त्या नळीच्या अंगावर शोधलेलें बरें. तें कसें शोधावें, याविषयीं आज थोडें बोलणार आहें.

बुलढाणा जिल्हा समुद्रापासून दोनशें मैलांहून अधिक दूर. येथें बंदर नाहीं कीं गलबत नाहीं. मग येथल्या वाड्यांतून दुर्बिणी निघतात त्या आल्या कोठून? विचारावें तर बहुधा एकच उत्तर मिळतें: “लढाईंतली आहे.” या उत्तराला अगदींच आधार नाहीं असें नाहीं. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजीं झाली, ती जागा शेजारच्या जालना जिल्ह्यांत आहे. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरला अडगांवची लढाई झाली, तें गांव आज अकोला जिल्ह्यांत मोडतें. दोन्ही सैन्यांचा वावर या मुलखांत होता, आणि सरदारांजवळ दुर्बिणी असत. तेव्हां एखादी दुर्बीण मागें राहिली असणें अशक्य नव्हे. परंतु शक्य असणें निराळें आणि खरें असणें निराळें.

दुर्बिणी येण्याचा दुसरा मार्ग याहून रुंद आहे. कर्नल लॅम्बटन यांनीं १८०२ सालीं मद्रासेजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत वऱ्हाडच्या सीमेपर्यंत आली. २० जानेवारी १८२३ रोजीं लॅम्बटन हिंगणघाट येथें वारले, आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं तें काम पुढें नेलें. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या हातीं दिला. मग जमिनीची मोजणी आली, सडका आल्या, तलावांचे बांध आले. १८६० नंतरच्या दशकांत मलकापूर व शेगांववरून आगगाडी धांवूं लागली, आणि १८७० सालीं खामगांवला कापसासाठीं स्वतंत्र फांटा मिळाला. या प्रत्येक कामाला उंचसखल पाहणारें लेव्हलचें यंत्र लागे, आणि प्रत्येक लेव्हलवर एक पितळी दुर्बीण बसविलेली असे. यंत्र मोडलें, तिवई हरवली, पाणसळीची कांच फुटली, म्हणजे दुर्बीण तेवढी सुटी उरते. माझ्या मतें आपल्या जिल्ह्यांत निघणाऱ्या बहुतेक नळ्या या घराण्यांतल्या आहेत.

ही जात ओळखणें अगदीं सोपें आहे. नळी डोळ्याला लावून दूरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहावें. झाड सुलटें दिसलें तर ती सैनिकाची, खलाशाची किंवा शिकाऱ्याची दुर्बीण. झाड उलटें, शेंडा खालीं असें दिसलें तर ती बिघडलेली नव्हे; ती मोजणीदाराची किंवा ज्योतिष्याची. चित्र सुलटें करायला डोळ्याकडच्या भागांत आणखी भिंगें घालावीं लागतात. त्यांनीं उजेड कमी होतो आणि नळी लांबते. मोजणीदाराला उलट्या आकड्यांची संवय होती, म्हणून त्याच्यासाठीं तीं भिंगें घालीतच नसत. आंत उभी-आडवी बारीक रेघ दिसली तर शंकाच उरत नाहीं. ती रेघ म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचा खरा धागा असतो, आणि तो फुंकरीनेंही तुटतो. म्हणून आंत बोट किंवा कापड घालण्याचा मोह आवरावा.

यानंतर नांव पाहावें. विलायती कारागीर आपलें नांव बहुधा पहिल्या सरकत्या नळीवर, डोळ्याच्या बाजूस कोरीत. सर्वांत प्रसिद्ध नांव डॉलंड यांचें. जॉन डॉलंड यांनीं दोन जातींच्या कांचा जोडून रंगाची झालर घालविणाऱ्या भिंगाचें पेटंट १८५८ सालीं नव्हे, त्याच्या शंभर वर्षें आधीं, १७५८ सालीं घेतलें. एका शतकाचा हा फरक ध्यानांत ठेवावा, कारण डॉलंड हें नांव पाहून कोणी दीडशें तर कोणी अडीचशें वर्षें सांगतो, आणि दोघेही बरोबर असूं शकतात. ती पेढी पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिच्या कीर्तीमुळें एखादें अक्षर बदलून तेंच नांव कोरणारे नकलेदारही त्याच काळीं निघाले. तेव्हां अक्षरें एकएक करून वाचावीं.

मोजणीच्या यंत्रांवर ट्रॉटन आणि सिम्स हें नांव फार आढळतें. एडवर्ड ट्रॉटन यांनीं विल्यम सिम्स यांना १८२६ सालीं भागीदार घेतलें, आणि १९२२ सालीं ती पेढी कुक यांच्या पेढींत मिळाली. म्हणून हीं दोन नांवें जोडीनें आणि तिसऱ्यावांचून असलीं, कीं वस्तु या शहाण्णव वर्षांच्या आंतली. त्यांत लंडनच्या पत्त्यापुढें टपाल विभागाचीं अक्षरें असलीं तर १८५७ च्या पूर्वीची नव्हे, कारण ती पद्धतच तेव्हां सुरू झाली. “इंग्लंडांत बनविलेली” अशा अर्थाचे शब्द असले तर बहुधा १८९० च्या नंतरची. ठळक बाणाची खूण असली तर सरकारी मालाची. त्याच्याशेजारीं वर्षही असलें आणि नळीला कातडें गुंडाळलेलें असलें तर पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धांतली, लष्करांतून निकालांत निघालेली समजावी.

नांव नसलें तर नळीला विचारावें. अठराव्या शतकांत बाहेरची नळी पुष्कळदां महोगनी लांकडाची असे. आमच्याकडच्या वैशाखांत असें लांकूड आटतें आणि त्याला लांबट चीर जाते. ती चीर वयाची साक्ष आहे, ती लांबी भरून बुजवूं नये. पितळी नळी जुनी असली तर पत्रा वळवून झाळलेला असतो, आणि आंतून उजेडाकडे धरल्यास सांध्याची रेघ दिसते. सांधा नसलेल्या ओढीव नळ्या एकोणिसाव्या शतकांतल्या सुधारणेच्या. पुढच्या भिंगांत कडेनें पिंवळे डाग किंवा इंद्रधनुष्यासारखीं वलयें दिसतात, तीं दोन कांचा जोडणारा कॅनडा बाल्सम नांवाचा डिंक सुटल्यामुळें. हा दोष खरा, पण नव्या नकलेंत तो सहसा आढळत नाहीं.

नकलांविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. रुडकी येथें गंगेच्या कालव्याच्या काळापासून मोजणीचीं उपकरणें करणारे कारागीर वसले. त्याच गांवांतून हल्लीं शोभेच्या पितळी दुर्बिणी देशोदेशीं जातात. शोभेची म्हणून विकली तर त्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु त्यांवर लंडनचें नांव आणि १९१५, १९१७ असें साल मोठ्या अक्षरांत कोरलेलें असतें, आणि पुढें दुसरा-तिसरा विक्रेता तें खरें म्हणून सांगतो. “केल्व्हिन आणि ह्यूज, लंडन, १९१७” ही पाटी तर स्वतःविरुद्धच साक्ष देते; हीं दोन नांवें एकत्र आलीं तींच १९४० नंतरच्या दशकांत. खऱ्या जुन्या दुर्बिणीवर साल क्वचित् असतें. जें साल फार ठळक, त्याच्यावर विश्वास फार थोडा.

एक प्रसंग सांगतों. मेहकर तालुक्यांत दोन भावांची वाटणी चालली होती. घरांत एक पितळी नळी होती आणि ती असईच्या लढाईंतली असें सर्वांच्या तोंडीं होतें. कोणा जाणत्यानें तिची किंमत दोन लाख सांगितली होती. थोरल्यानें दुर्बीण घ्यावी आणि तेवढ्या किंमतीपुरता विहिरीवरच्या जमिनींतला हिस्सा धाकट्याला सोडावा, असें ठरत आलें होतें. कागद व्हायचा तेवढा बाकी होता. थोरल्याच्या पत्नीनें आग्रह धरला म्हणून मला बोलावणें आलें. नळी चौदा इंच लांब. झाड उलटें दिसलें. खालच्या बाजूस स्क्रूचीं दोन भोकें, आणि अंगावर ट्रॉटन व सिम्स. म्हणजे १८२६ च्या आधींची ती असूंच शकत नव्हती. असईला तेव्हां तेवीस वर्षें होऊन गेलेलीं. मी सांगितलें, ही लेव्हलची दुर्बीण, यंत्रापासून सुटलेली. बाजारांत हिचे कांहीं हजार रुपये आले तर पुष्कळ. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग त्या बाईंनीं विचारलें, “म्हणजे ही खोटी का हो, दादा?” खोटी नव्हती. ज्या ट्रंकेंत ती होती, तिच्याच तळाशीं पणजोबांचे बांधकाम खात्यांतल्या ओव्हरसियरच्या नोकरीचे कागद होते. ते आजवर कोणीं वाचले नव्हते. जमीन मग दोघांत सारखी मोजून वाटली गेली, आणि नळी व कागद थोरल्याकडे एकत्र राहिले. ते एकत्रच ठेवा असें मी त्यांना बजावलें, कारण कागदासह असलेल्या वस्तूला संग्राहक नेहमींच अधिक देतो.

आतां मोल. मोडीच्या दुकानीं पितळ किलोवर जातें, आणि तेथें डॉलंड व घंगाळें यांत भेद नाहीं. विलायतेच्या लिलावांत चांगल्या नांवाची, भिंगें शाबूत असलेली, साधी एकोणिसाव्या शतकांतली हातदुर्बीण सामान्यतः शंभर ते तीनशें पौंडांच्या घरांत जाते; लाखांच्या गोष्टी नामांकित मालकाच्या किंवा अठराव्या शतकांतल्या दुर्मिळ वस्तूंच्या. मूळची पेटी, भिंगावरचें झांकण, कागद हीं किंमत वाढवितात. चिंच आणि राख लावून घासणें ती सर्वांत लवकर उतरवितें, कारण त्यानें मूळचा लाखेचा मुलामा आणि कोरलेलीं अक्षरें दोन्ही झिजतात. दिवाळीच्या भांड्यांबरोबर दुर्बीण घासायला देणारीं घरें मीं पाहिलीं आहेत.

कायद्याचेंही भान असावें. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षें पुरीं झालेली अशी वस्तु पुरावस्तूंत मोडूं शकते. तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती परदेशीं पाठवितां येत नाहीं. परदेशांतलें गिऱ्हाईक दाखवून आगाऊ रक्कम मागणारा कोणी दारीं आला, तर त्याला हा कायदा विचारावा.

पावसाळ्यांत नळी कातड्याच्या म्यानांत ठेवूं नये, भिंगांवर बुरशी येते. कोरड्या सुती कापडांत गुंडाळून, सरकत्या नळ्या आंत मिटवून, आडवी ठेवावी. आटे जाम झाले असले तर पकड लावूं नये. घड्याळजीकडे न्यावी, आणि काम होईपर्यंत समोर बसावें.