भिजलेले दप्तर
(वसंत व्याख्यानमाला, जुळे सोलापूर)



ज्या नगरीतील विणकरांनी चादरीवरची नक्षी जकार्ड मागाच्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांत जतन केली, आणि पुठ्ठा भिजून फुगला की नक्षी चुकते हे ज्यांना कोणी शिकवावे लागले नाही, त्या नगरीत पाणी व दप्तर यांचे वैर मी नव्याने सांगावे असे नाही. परंतु पुठ्ठ्याची जागा हार्ड डिस्कने घेतल्यावर त्या वैराचे स्वरूप पालटले, आपली वागणूक मात्र पालटली नाही.

माझाच गुन्हा कबूल करतो. ज्या डिस्कमध्ये घराण्याच्या मोडी कागदपत्रांची छायाचित्रे होती, तिच्यावर चहाचा पेला कलंडला. मी ती टॉवेलने पुसली, सोलापूरच्या वैशाखी उन्हात तासभर ठेवली, आणि 'चालते का' एवढे पाहण्यासाठी संगणकाला जोडली. आतून खरखर ऐकू आली.

वस्तुतः डिस्कच्या चकतीवरील चुंबकीय लेखन पाण्याने पुसले जात नाही. घात होतो तो वाळताना: बहुतेक डिस्कांना हवेसाठी जे सूक्ष्म छिद्र असते त्यातून शिरलेला चहा आटतो, साखर व क्षार मागे राहतात, आणि चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगणाऱ्या वाचकशीर्षाला त्यांचा एखादा कण डोंगरासारखा आडवा येतो. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसते. तेथे ओलाव्यात वीज खेळली की तांब्याच्या वाटा गंजतात, तथापि स्मृतीची चिप पुष्कळदा शाबूत राहते.

चकतीवरील लेखन किती चिवट असते याचे एक उदाहरण पाहा. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा बळी घेऊन कोलंबिया यान कोसळले. त्यातील एक डिस्क काही महिन्यांनी टेक्सासमध्ये, कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात, होरपळलेल्या अवस्थेत सापडली. तरीही तज्ज्ञांनी चकत्या स्वच्छ करून, नव्या सांगाड्यात बसवून, तिच्यातील सुमारे ९९ टक्के मजकूर मिळवला, आणि तिच्यात नोंदलेल्या झेनॉन वायूवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशातून पडलेली डिस्क वाचली, याचे एक कारण असे की मधल्या काळात ती कोणी चालू करून पाहिली नाही.

म्हणून विनंती एवढीच: द्रव सांडताच प्रथम वीज तोडा. उन्हात, तांदळाच्या डब्यात किंवा केस वाळवण्याच्या यंत्रापुढे भिजलेली वस्तू ठेवू नका. घरी उघडू नका. डिस्क पुरती भिजली असेल तर ओलसर फडक्यात गुंडाळून, बंद पिशवीत घालून जाणत्याच्या हवाली करा, म्हणजे क्षार आत सुकणार नाहीत.

माझ्या कागदांपैकी निम्मे परत आले. उरलेले चहाने नेले नाहीत, माझ्या उतावीळपणाने नेले. आपल्या अस्सल दप्तराची नक्कल आजच करा, आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.