संघात आजारी मुलांचीही जागा



मुळशी तालुक्याला खेळाचं वेड जुनं आहे. इथल्या माण गावाच्या शिवारात आता राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा उभा राहिलाय, पण कबड्डीचा सामना असला की गर्दी अजून जमते. जवळच बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धा तिथेच झाल्या. अशा या भागात मैदानाच्या कडेला बसवून ठेवलेल्या मुलांविषयी मला बोलायचं आहे. कुणाला टाइप वन मधुमेह, कुणाला दमा, कुणाला थॅलेसेमिया. पीटीच्या तासाला यांना ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "तू बस बाजूला."

अमेरिकेत बॉस्टनजवळ 2011 साली 'टीम इम्पॅक्ट' नावाची संस्था सुरू झाली. गंभीर किंवा दीर्घ आजार असलेल्या मुलाला ती एखाद्या महाविद्यालयाच्या संघाशी जोडून देते. छोटा समारंभ होतो आणि मूल रीतसर संघात येतं. मग ते सरावाला येतं, सामन्याच्या दिवशी खेळाडूंसोबत बसतं. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की हा एका दिवसाचा सत्कार नव्हे. शाल, नारळ, फोटो आणि निरोप, हे आपल्याला चांगलं जमतं. वर्षभर सोबत ठेवणं अवघड असतं, आणि मुलाला गरज त्याचीच असते.

आपल्याकडे अडतं कुठे? दुष्टपणा क्वचितच असतो. सरांना भीती वाटते, "काही झालं तर?" ही भीती खरी आहे, म्हणून तिचं उत्तर नीट द्यायला हवं. टाइप वन मधुमेहाचंच घ्या. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागतं. खेळताना साखर उतरू शकते. हात थरथरतात, घाम सुटतो, मूल गोंधळतं. साखर 70 च्या खाली गेली की साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठायचा. कबड्डीत मध्यंतर पाच मिनिटांचं असतं, ग्लुकोमीटर काही सेकंदांत आकडा दाखवतो, म्हणजे तेवढ्यात साखर तपासून होते. खेळ संपल्यावर काही तासांनी, कधी रात्री झोपेतही साखर उतरते, म्हणून आज किती खेळ झाला ते घरी कळवायचं. डॉक्टरांनी दिलेला कागद आणि ग्लुकोजची पुडी संघाच्या किटमध्ये असली, की सरांची निम्मी धास्ती तिथेच संपते.

पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज वसीम अक्रम याला 1997 मध्ये हाच मधुमेह असल्याचं कळलं. त्यानंतर तो सहा वर्षं खेळला आणि 2003 च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला आपला 500 वा बळी घेतला.

प्रत्येक आजाराला प्रत्येक खेळ चालत नाही, हेही सांगायला हवं. हिमोफिलियाच्या मुलाला कबड्डीत उतरवणं धोक्याचं, त्याला पोहणं बरं. दम्याच्या मुलाचा पंप हाताशी हवा. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी असते, त्याला गर्दीपासून जपावं लागतं. अशा वेळी गुणलेखकाचं काम आहे, व्हिडिओ पाहून प्रतिस्पर्ध्याच्या चढाया टिपून ठेवायचं काम आहे. मात्र काम खरं हवं. मन राखण्यासाठी दिलेलं काम मुलाला लगेच ओळखू येतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश आहे, आणि खेळातल्या सहभागासाठी त्यात वेगळं कलमही आहे. टाइप वन मधुमेह त्या यादीत नाही. 2017 साली सीबीएसईने टाइप वन मधुमेहाच्या मुलांना परीक्षेत खाऊ जवळ बाळगायची परवानगी दिली, हे चांगलं झालं. परीक्षागृहात जे चालतं, ते मैदानावर का चालू नये?

हिंजवडी, माण, बालेवाडी परिसरातल्या महाविद्यालयांच्या क्रीडासंचालकांना माझी विनंती आहे. या हंगामात आपल्या एका संघात असं एक मूल घ्या. आधी त्याच्या आईवडिलांशी आणि डॉक्टरांशी बोला, मूल मधुमेही असेल तर कर्णधाराला साखर तपासायला शिकवा, आणि मुलाला त्याच्या नावाची जर्सी द्या. आईवडिलांनो, तुम्हीही वाट पाहत बसू नका. डॉक्टरांचा कागद घेऊन सरांना भेटा आणि मुलासाठी जागा मागा.